उघड्या ताटलीसमोर

प्रयोगशाळेत सगळे तिला दाई म्हणत. माणसाच्या रक्तातल्या पेशींना उलट्या पावली पाठवून मूळपेशी करायच्या आणि त्यांतून मेंदूच्या एखाद्या भागाचे मसुराएवढे गोळे वाढवायचे, हे तिथलं काम. असले नखरेल गोळे तिच्याच हाताला यश देत. एक दिवसाआड त्यांचं पोषकद्रव बदलावं लागे, मग सुट्टी असो की अंगात ताप असो. तशीही घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं.

नवरा गेल्या वर्षी गेला. लहान मेंदूचा आजार. आधी तोल गेला, मग वाचा. जाण्यापूर्वी संशोधनासाठी रक्त देऊन गेला. कुपीवर नाव नसतं, आकडा असतो, पण हा आकडा कुणाचा ते तिला आणि प्रमुख मॅडमना ठाऊक होतं. त्याच्या पेशींतून वाढलेल्या त्या गोळ्यांना ना कान, ना मन, हे दाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी ती बोलायची. मास्क हनुवटीवर ओढून, गोळ्यांच्या उघड्या ताटलीवर वाकून. एकटीने दिवस ढकलायचे म्हणजे किती ढकलायचे?

एका सकाळी गुलाबी द्रव पिवळं, गढूळ झालेलं दिसलं. तोंडातले जंतू. नवशिकेसुद्धा करत नाहीत ती चूक दाईने केली होती. सगळ्या ताटल्यांत तिनेच ब्लीच ओतलं आणि तिथेच ढसाढसा रडली.

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. त्या पेशींची गोठवलेली एकच कुपी उरली होती आणि ती आता दुसऱ्या कोणाकडे सोपवावी लागेल, असं त्यांनी सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, "एवढं बोलत तरी काय होतीस?"

"नळ गळतोय, असं सांगत होते. रात्रभर टपटप चालते. प्लंबर येतो म्हणतो आणि येत नाही."

मॅडमनी शेवटी कुपी तिलाच दिली.

"आता एक शब्दही नको," एवढंच म्हणाल्या.

गोळे पुन्हा आकार धरू लागले. दाईचा मास्क आता नाकावर घट्ट आणि तोंडाला कुलूप. आजही तिने मुकाट्याने द्रव बदललं, झाकणं लावली, ताटल्या उबदार कपाटात ठेवल्या. दार नीट बसलं का, ते दोनदा ओढून पाहिलं. मग मास्क उतरवला आणि त्या बंद दाराला म्हणाली,

"अहो, नळ झाला दुरुस्त."