गाडी पाणी पीत नाही

गाडीच्या मागून धूर येत होता. मुलगी म्हणत होती पांढरा, जावईबापू म्हणत होते राखी. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन दुपारी होतं आणि दवाखाना डोंगरापलीकडे. वाटेत नुसता चढ.

घरी बोलावलेल्या मिस्त्रीने उकिडवं बसून धुरात हात धरला. "पांढराच. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. आता नुसती गारठ्याची वाफ असेल तर ठीक. पण इंजिनात पाणी जात असेल, तर चढावर मान टाकेल. पाणी पिते का?"

"थेंबभरही नाही. रोज बघतो मी," जावई अभिमानाने म्हणाले.

मिस्त्रीने बॉनेट उघडून इंजिनाच्या पाण्याची बाटली पाहिली. काठोकाठ. "मग वाफच. निघा."

गाडी फाटकापर्यंत गेली, तेव्हा मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "ती बाटली मी भरतो."

गाडी थांबली.

"रोज सकाळी. झाडांना घालून उरतं त्यातलं. जावयाच्या घरी आयतं बसून खायचं, तर तेवढीच मदत."

मुलगी गर्रकन वळली. "बाबा, काल पोटात दुखत होतं. परवा डॉक्टर फारच पोरगेला होता. आणि आज ऑपरेशन टाळायला गाडी पाणी पितेय?"

"हे खरं आहे," बाबा म्हणाले. "आधीची दोन नव्हती."

जावयांनी घड्याळ पाहिलं, मग चढ.

"इंजिन गार आहे तोवर बघू," म्हणत मिस्त्रीने रेडिएटरचं झाकण काढलं. "चालू करा."

पाणी आधी गप्प होतं. मग एक बुडबुडा आला. मग थांबेचनात.

"हेड गॅस्केट गेलंय. आतला धूर पाण्यात, पाणी धुरात. बंद करा, साहेब! काका बोलले नसते तर अर्ध्या चढावर बसला असता सगळे."

बाबा पहिल्यांदाच सीटला टेकले. "असू दे. पुढच्या महिन्यात बघू ऑपरेशनचं."

"पुढच्या महिन्यात कशाला, काका?" मिस्त्री हात पुसत म्हणाला. "माझी गाडी आहे की. मी सोडतो."

खरं बोलल्याचं फळ इतक्या तातडीने मिळतं, याची बाबांना कल्पना नव्हती. मुलीने मिस्त्रीच्या गाडीचं दार उघडलं, त्यांना आत बसवलं आणि शेजारी बसून त्यांचा हात घट्ट धरला. दवाखान्यापर्यंत तिने तो सोडला नाही. मायेने की पळतील म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं.