आयुधपूजेपासून बंद

नवमीला गाडीची आणि अवजारांची आयुधपूजा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अप्पांची गाडी सुरू होत नव्हती. किल्ली फिरवली की एक 'टक्', पुढे काही नाही. मेकॅनिक म्हणाला, स्टार्टर गेला, एवढ्या जुन्या गाडीवर आता खर्च कशाला. अप्पांनी ओरत्तनाडूच्या मणीला फोन केला. मणी जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकतो. तो गाडीचा सौदा करायला आज दुपारी येणार होता. अप्पा सकाळपासून गाडीकडे पाठ करून ओसरीवर बसले होते.

"मणी येईपर्यंत मी बघू?" मी विचारलं.

"बघ. फिजिक्स शिकलीस ना, गाडीला समजावून सांग."

मी मल्टिमीटर आणला. बॅटरी साडेबारा व्होल्ट, म्हणजे ठीक. अंबुजाआत्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून किल्ली फिरवायला लावली. 'टक्'. तरी बॅटरीचे व्होल्ट फारसे उतरले नाहीत. स्टार्टरपर्यंत पुरेशी वीज पोचत असती तर ते उतरले असते. म्हणजे वीज वाटेत कुठेतरी अडत होती. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाच्या धातूला.

"आत्या, परत."

इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. दिसले दहा. वीज इथेच अडत होती.

निगेटिव्हची जाड केबल इंजिनाला जिथे आवळलेली असते, तो बोल्ट मी सोडवला. केबलच्या टोकाच्या कड्याखाली पिवळट, कडक थर होता. नखाने खरवडून वास घेतला. चंदन.

"अप्पा, पूजेआधी ही केबल काढली होती?"

"इंजिन धुताना. घासून लख्ख केली आणि केळीच्या पानावर ठेवली, पान्यांच्या शेजारी."

आत्या खिडकीतून म्हणाली, "पानावर होतं त्या सगळ्याला मी गंध लावलं. पूजा करायची नव्हती तर पानावर ठेवलीस कशाला?"

"आणि मी ती तशीच आवळली," अप्पा हळूच म्हणाले.

सँडपेपरने दोन्ही बाजू घासून मी बोल्ट आवळला. आत्याने न सांगताच किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. अप्पा उठून आले आणि थरथरत्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

तेवढ्यात मणी फाटकातून आत आला. "सार, ही तर चालते," तो तमिळमध्ये म्हणाला, जरा नाराजीने.

"चालते. बस, कॉफी घे. मग तुला हिच्यातूनच बसस्टँडवर सोडतो."

आत्या मात्र सीटवरून हलेना. "मी उतरले आणि बंद पडली तर?"