क्लबाच्या पायरीवर

सून पुस्तकं लिहिते, हे गिरणीवाल्या आजींनी मोठ्या मनानं पदरात घेतलं होतं. पहिली दोन साहेबांच्या भाषेत होती. ती फडक्यानं पुसायची, एवढाच आजींचा त्यांच्याशी संबंध. तिसरं मात्र घरच्या भाषेत, आणि त्यात सासूवर अख्खं प्रकरण आहे, अशी खबर शेजारणीनं आणलेली. आजींना अक्षरं यायची ती पिठाच्या डब्यांवरच्या नावांपुरती. तेव्हा सून आज चारचौघांत आपल्याविषयी काय वाचते, ते या कानांनी ऐकल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

वाचन होतं क्लबात. दारातच दरवान आडवा आला.

"आजी, चपला चालत नाहीत. बूट लागतात."

"कोण म्हणतं?"

"नियमच आहे, साहेबांच्या वेळचा."

"आणि साहेब कुठायत?"

"ते तर कधीच गेले."

"मग नियम इथंच विसरून गेले असतील. पाठवून दे त्यांचा त्यांना."

दरवानानं हसू दाबलं आणि पाहुण्यांसाठी ठेवलेले काळे बूट पुढे केले. सोबत आलेला मुलगा कानाशी लागला, "आई, तासाभराचा तर प्रश्न आहे. घाल ना."

"तू घातलेस ना? एका घरात एक पुरे."

आजींनी सरळ पायरीवर बैठक मारली. इथून ऐकू येणार नाही, असं मुलगा म्हणाला. "न येऊ दे," असं त्या बोलल्या खऱ्या, पण कान दाराला चिकटलेले.

मुलगा आत बायकोला सांगायला गेला. थोड्या वेळानं सूनच पुस्तक घेऊन बाहेर आली आणि शेजारी टेकली.

"जिच्यावर लिहिलंय ती बाहेर. मग आत वाचू कुणासाठी?"

"अगं, माणसं खोळंबलीत."

"ऐकायचं असेल तर येतील."

आली की. आधी दोघं-तिघं, मग आपापली खुर्ची उचलून सगळीच. क्लबाच्या अध्यक्षांना खुर्ची उरली नाही. ते कोटासकट खालच्या पायरीवर बसले.

सून वाचू लागली. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, शिकलेली आहेस, तर गप्प बसायलाही शिकली असशील."

लोक हसले. आजींनी हात वर केला.

"थांब. मी असं बोललेच नव्हते."

सुनेचा चेहरा उतरला. "मग?"

"मी म्हणाले होते, शिकलेली आहेस ते दिसतंयच, शहाणी कधी होणार ते सांग."

अध्यक्ष हसता हसता पायरीवरून घसरले. सुनेनं त्यांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं.

"नीट लिही," आजी म्हणाल्या. "आणि वाच पुढं. अजून माझंच आहे ना?"