एक वाजून दहा मिनिटं

बापाला झोपू दिलं ते मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी नशिबाला शिव्या द्यायला नको.

बहीण मंगळवारी गेली. परमुलखात, ऑफिसात, खुर्चीतल्या खुर्चीत, डोक्यातली शीर फुटून. वय एकोणचाळीस. शनिवारी दुपारी दोन ते अडीच तिला बघता येईल आणि अडीचला विद्युतदाहिनी, असं तिच्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं. तिथे अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या असतात. मेल्यावरही माणसाची रांग सुटत नाही. दोन विमानं बदलून आम्ही शनिवारी सकाळी पोचलो. बाबांना दोनच गोष्टी करायच्या होत्या. पोरीचं तोंड बघायचं आणि तिचं घड्याळ तिच्या मनगटावर बांधायचं.

बाबा घड्याळजी. मागच्या खेपेला तिने आपलं मनगटी घड्याळ त्यांच्याकडे टाकलं होतं, 'पुढच्या वेळी नेते' म्हणून. ते त्यांनी नवा सेल घालून तयार ठेवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्याचे काटे फिरवत फिरवत इथल्या वेळेवर आणले. पुढेच फिरवले. काटा मागे फिरवायचा नाही, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. स्वतःचं मात्र घरच्याच वेळेवर ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "मला परत यायचंय. तिला नाही."

लहानपणी ती चिमट्याने चक्रं उचलून द्यायची, म्हणून बाबांनी तिचं नाव चिमटी ठेवलं. मी गजराचं घड्याळ उघडायला हातोडी घेतली, म्हणून मी हातोड्या. पुढे वेल्डर झालो, नाव सार्थ केलं. ग्राइंडरने माझे कान अर्धे खाल्लेत. टिकटिक मला ऐकूच येत नाही.

हॉटेलातून बाराला निघालो, बाबांच्या खांद्याला पिशवी. माझ्या चार्जरची पिन तिथल्या भिंतीत बसेना, फोन मरून पडला होता, तो खोलीतच ठेवला. मैत्रीण थेट दाहिनीवर भेटणार होती. बाबांना साखर, आणि दीड दिवसात पोटात धड काही नव्हतं. दाहिनीच्या दोन गल्ल्या अलीकडे बाबा थबकले. लाल बैलाची पाटी होती.

"हेच ते. चिमटी सांगायची ते."

मलाही आठवलं. ती फोनवर म्हणायची, "बाबा, इथला बर्गर खायला दाताच्या डॉक्टरसमोर उघडतो तसा जबडा उघडावा लागतो. तुम्ही आलात की नेते."

आत मंद दिवे, विटांच्या उघड्या भिंती. गिलाव्याला पैसे नव्हते असं दाखवायला लाखो रुपये घातलेले. बाबांच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून मी त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवलं. मागच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं जुनं लंबकाचं घड्याळ होतं. त्याच्याकडेही त्यांची पाठच झाली.

मेनूत प्रत्येक जिन्नसाचा पत्ता. कांदा कुठल्या मळ्यातला, चीज कुठल्या डोंगरावरचं. माझ्या बहिणीच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिचं जन्मगाव चुकलं होतं. कांद्याचं बरोबर होतं.

अळंबीचा बर्गर आला, लाकडी पाटावर, मधोमध सुरा खुपसलेला.

"ह्याने काय गुन्हा केला?" बाबा म्हणाले.

"जबडा उघडा बाबा."

"कवळी बाहेर येईल."

शेवटी सुऱ्याने तुकडे केले आणि आईने भरवावं तसं मी एकेक पुढे केलं. अर्धा खाल्ला. मग म्हणाले, "चांगलाय रे. पोरीला कळत होतं." आणि हातातला घास तसाच राहिला, मान छातीवर पडली. घरी तेव्हा मध्यरात्र उलटली असेल. शरीराला कोण समजावणार?

मी वर बघितलं. एक वाजून दहा. दाहिनी पाच मिनिटांवर. म्हटलं, वीस मिनिटं झोपू दे. पोरीसमोर उभं राहायला पायात बळ लागेल.

माझाही डोळा लागला. दचकून उठलो, वर बघितलं. एक वाजून दहा. म्हणजे नुसती पापणी मिटली होती. हायसं वाटलं. वाढणाऱ्या बाईंकडे खुणेने कॉफी मागितली. त्या हसल्या, ओठावर बोट ठेवलं, बाबांकडे बघितलं. आम्ही झोपलो म्हणून त्यांनी गाणीही बंद केली होती. भली बाई. मी आरामात कॉफी प्यायलो. खरंच आरामात. ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही.

बाबा आपणहून जागे झाले. आळस देत मागे वळले आणि तसेच थांबले.

"हातोड्या, हे बंद आहे."

"काय?"

"घड्याळ. लंबक बघ. मेलंय ते."

त्यांनी बाही वर केली, स्वतःच्या घड्याळात बघितलं, बोटांवर तास मोजले. दोनदा मोजले.

"पावणेतीन."

पळालो. सत्तरीचा माणूस आणि त्याला दंडाला धरून ओढणारा मी. दाहिनीच्या दारात मैत्रीण उभी होती, डोळे सुजलेले. "किती फोन केले दादा. मी त्यांना थांबा म्हटलं. दहा मिनिटं थांबले ते. पुढचे लोक तीनला येणार होते."

बाबांनी फक्त विचारलं, "तोंड कसं होतं?"

"शांत होतं, काका."

सगळ्यांचंच शांत असतं. मला तिथलं काहीतरी फोडायचं होतं. फोडण्यासारखं समोर दुसरं कुणी नव्हतं, मीच होतो. बाबांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी आपल्या खांद्याला हात लावला. "पिशवी?"

पिशवी बर्गरच्या दुकानात, त्यांच्या खुर्चीच्या पाठीला. तिच्यात चिमटीचं घड्याळ, इथल्या वेळेवर लावलेलं. मी मेलेल्या घड्याळाकडे बघत कॉफी पीत होतो तेव्हा खरी वेळ माझ्यापासून दोन हातांवर लटकत होती.

परत गेलो. पिशवी तिथेच होती. बाबांनी ती घेतली आणि सरळ भिंतीपाशी गेले.

"तिला विचार, उघडू का म्हणून. चालू करून देतो. दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको."

मी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं. बाईंनी खांदे उडवले. ते शोभेचं आहे, म्हणाल्या. पण उघडा हवं तर.

बाबांनी काचेचं दार उघडलं, तबकडीमागे हात घातला, चाचपडत राहिले. चक्र नाही, कमान नाही. पोकळ लाकूड. काटे तबकडीला डिंकाने चिकटवलेले.

"ह्यात दुरुस्त करण्यासारखं काही ठेवलेलंच नाही," ते म्हणाले. पन्नास वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. गाळात सापडलेलं घड्याळही 'बघू' म्हणून ठेवून घेणारा माणूस.

मग त्यांनी पिशवीतून चिमटीचं घड्याळ काढलं. कानाला लावलं. आत एक खिळा होता, पूर्वी कधीतरी काहीतरी तोलणारा. त्यावर पट्टा अडकवला आणि दार लावून घेतलं.

"बाबा, ते घरी नेऊ ना."

"तिथे कुणाला लागतंय इथल्या वेळेचं घड्याळ?"

रस्त्यावर आल्यावर ते थांबले. मला वाटलं, आता रडतील.

"सेल नवा आहे," म्हणाले. "दोन वर्षं जाईल."