नदीच्या अलीकडचा ताप

दादा केस कापता कापता गिऱ्हाइकाला हसवायचा आणि ते हसून हललं की त्यालाच दम भरायचा, "हलू नका, नाहीतर कान इथेच ठेवून जाल." बाजाराच्या रस्त्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं. दुकान बंद असलं की कुत्र्याला घेऊन तो गावामागच्या टेकडीवर जायचा, गवतात मस्त ताणून द्यायचा आणि उन्हं उतरली की परत यायचा.

त्याची धाकटी बहीण सरकारी प्रयोगशाळेत होती. तिचं काम गोचीड गोळा करायचं. जाडसर पांढरं कापड गवतावरून ओढत न्यायचं, त्याला चिकटलेले गोचीड चिमट्यानं उचलून बाटलीत टाकायचे आणि त्यांच्यात तापाचे जंतू आहेत का ते तपासायचं. घरात सगळे तिला चिमटीच म्हणत. "हिचं लग्न जमायचं कसं?" दादा म्हणायचा. "मुलगा बघायला गेली की आधी त्याच्या कानामागे बघते!"

गोचिडांचा हा ताप आधी समुद्राकाठच्या गावांपुरता होता. मग तो हळूहळू वर सरकला. हरणं, बकऱ्या, पाखरं, ज्याच्या अंगावर जागा मिळेल त्याच्यासोबत गोचीड निघतात. त्यांना अडवणार कोण? गेल्या हंगामात नदीच्या पलीकडे जंतू असलेले गोचीड सापडले आणि पाठोपाठ तिकडची माणसंही आजारी पडली. दादाचं गाव अलीकडे होतं; इकडच्या दवाखान्यांना सावध राहायला सांगितलं होतं. पण नुसतं सावध राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

चिमटी पलीकडच्या काठावर कामाला गेली होती, तेव्हाच वहिनीचा फोन आला. दादाला सडकून ताप भरला होता, डोकं फुटायची पाळी आली होती.

"अंगावर कुठे चावल्याची खूण आहे का? काळी खपली?" चिमटीनं विचारलं.

"सगळं अंग बघितलं गं. काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, साथीचाच ताप दिसतोय."

मागून दादाचा आवाज आला, "तिला सांग, मला एकच गोचीड चिकटलाय आणि त्याच्याशी माझं लग्न झालंय!"

वहिनी हसली. चिमटीलाही हसू आलं. तरी तिनं डॉक्टरांना फोन लावलाच. डॉक्टर तरुण होत्या, समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या होत्या. "खूण नाही, पुरळ नाही, आणि आपल्याकडे आजवर एकही रुग्ण नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणताय तर सकाळी त्यांना पुन्हा आणायला सांगा. जराही शंका आली तर औषध सुरू करते."

सकाळी दादाला आणला तो बरळतच. हातांवर लाल ठिपके उमटले होते. ते पाहताच डॉक्टरांनी कशाचीही वाट न बघता औषध सुरू केलं. चिमटी पहिल्या गाडीनं पोचली. तिनं दादाच्या मानेवरचे दाट केस बाजूला केले. आत काळी खपली होती, कोळशाच्या कणासारखी. जन्मभर लोकांच्या माना निरखणाऱ्या माणसाला स्वतःची मान कधी दिसली नव्हती.

वहिनीनं वाकून ती खपली पाहिली. "मी केसात नाही गं बघितलं."

"तुझं काही चुकलं नाही, वहिनी," चिमटी म्हणाली. मग कुणाचं चुकलं, हे तिला सांगता येईना. डॉक्टरांचं नाही, दादाचं नाही. गोचिडाचंही काय, तो पोट भरायला आला होता.

औषध लागू पडलं, ताप उतरला. पण रक्ताच्या बारीक नळ्यांची जी नासाडी व्हायची ती होऊन गेली होती. उजव्या हाताच्या बोटांची टोकं आधी निळी झाली, मग काळी. चिमटी रोज तो हात मांडीवर घेऊन बसायची, चोळायची. चोळून काही होत नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. वहिनी विचारायची, "आज जरा लाली वाटते ना?" चिमटी म्हणायची, "वाटते." शेवटी डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, "जंतू मेले. पण मेलेलं बोट जिवंत करायचं औषध माझ्याकडे नाही."

तीन बोटं अर्धी गेली. भूल उतरल्यावर दादानं पट्टी बांधलेला हात बराच वेळ पाहिला. सगळ्यांना वाटलं, आता एखादी कोटी करेल. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

चिमटी कापड घेऊन टेकडीवर गेली. चार पावलांत कापडावर इतके गोचीड आले की तिचा हात थांबला. त्यांच्यात जंतू निघाले. टेकडीच्या पायथ्याशी धोक्याची पाटी लागली. पाटीच्या सावलीत बकऱ्या बसू लागल्या.

दुकान वहिनीच्या भावानं चालवायला घेतलं. दादा रिकाम्या खुर्चीत बसून त्याला सांगायचा, "कानामागे बारीक कर. अरे, कात्री उभी धर." सांगता सांगता त्याचीच उरलेली बोटं हवेत उघडमीट करायची. गिऱ्हाइकं आरशातून नजर काढून दुसरीकडे बघायची.

पुढच्या हंगामात चिमटीला आणखी वरच्या गावांत पाठवलं. तिथे ओढ्याकाठी एक बाई कपडे वाळत घालत होती. तिची दोन पोरं गवतात लोळत होती.

"संध्याकाळी घरी गेल्यावर मुलांचं सगळं अंग बघत जा," चिमटी म्हणाली. "केसातही बघा."

"आमच्याकडे नाही बाई असलं काही," ती हसत म्हणाली.

"नसेल. पण बघा."

"बघते हो," बाई म्हणाली आणि चादर पिळायला वळली. चिमटीनं पोरांना हाक मारली. ती खिदळत आणखी आत, उंच गवतात पळाली.