सतरंजीवरून दिसणारं कासव

मित्रांनो, अंधार झाला की तुम्ही सगळे माझ्याकडे बघता. तेव्हा मीही तुमच्याकडे बघत असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी एक जुना पडदा आहे. बेंगळूरच्या जुन्या पेठेत आमच्या मराठी मंडळाचं सभागृह आहे, तिथे मी टांगलेला असतो. सिनेमा माझ्या अंगावर पडतो, त्यामुळे तो मला कधीच दिसत नाही. मला ऐकू येतं, आणि दिसतात ते समोरचे चेहरे.

मला शिवलं गुंडोअण्णांनी. ते पेठेतले शिंपी. त्यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण त्यात निम्मे शब्द कानडी. त्यांनी जाड पांढऱ्या कापडाचे पट्टे जोडले, भोवती काळी किनार लावली आणि वर पितळी कड्या बसवल्या. त्यांची लहान मुलगी कमला शिवणयंत्राखाली बसून दोऱ्यांचे तुकडे वेचत होती. बाजूला एक दोरी लावली. ती सोडली की मी उलगडतो, ओढली की गुंडाळला जातो.

ते माझे वैभवाचे दिवस होते. पत्र्याच्या डब्यांतून रिळं येत, यंत्र घरघरत असे. सिनेमाची भाषा मराठी नसायची. मग गुंडोअण्णा माझ्या शेजारी उभे राहून ससा, अस्वल, कोल्हा अशा सगळ्यांचं बोलणं मराठीत सांगत. सशाचा आवाज बारीक, अस्वलाचा जाड. प्राणी आमच्याकडे तेव्हापासून मराठी बोलतात.

एकदा मात्र घोटाळा झाला. मंडळाच्या मोठ्या माणसांनी एक सिनेमा आधी पाहून 'मुलांना छान आहे' असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात वाघ आला आणि पुढे बसलेली मुलं किंचाळत एकमेकांच्या अंगावर पडली. गुंडोअण्णा म्हणाले, "तुम्ही मागे खुर्चीवर बसून पाहिलात. तिथून वाघ मांजराएवढा दिसतो." तेव्हापासून मंडळात एक रीत पडली. मुलांच्या सिनेमाची पारख करणाऱ्याने आदल्या दिवशी सगळ्यांत पुढे, सतरंजीवर, मांडी घालून बसायचं आणि सिनेमा शेवटपर्यंत बघायचा. मधे उठायचं नाही.

पुढे घरोघरी टीव्ही आला. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. मोडक्या खुर्च्या आणि उंदीर यांच्या सोबतीत माझी किती वर्षं गेली, मला सांगता येणार नाही. गुंडोअण्णा गेल्याचं मला माळ्यावरच खालच्या बोलण्यातून कळलं. मग पुण्या-नागपुराकडची तरुण कुटुंबं नोकरीसाठी या गावात आली, बेळ्ळंदूर, के. आर. पुरम अशा लांबच्या वस्त्यांतून मंडळात येऊ लागली. त्यांच्या मुलांसाठी मला खाली काढण्यात आलं. काढणारी होती तीच कमला. आता केस पांढरे झालेली, सगळ्यांची कमलाअक्का. तिने मला उन्हात वाळवलं, इस्त्री केली, आणि वडिलांची रीतही पुन्हा सुरू केली. पारख तीच करायची.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी ही रीत मोडली.

अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. शनिवारी सभागृह साखरपुड्याला दिलेलं. म्हणून पारख श्वेताकडे गेली. ती पुण्याची, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत कामाला. रविवारी संध्याकाळी ती आपल्या पाच वर्षांच्या सिद्धीला घेऊन आली तेव्हा मुलं सतरंजीवर जमली होती.

"सिनेमा कसा आहे गं?" अक्काने विचारलं.

"एकदम गोड, अक्का. सगळे प्राणीच आहेत, बोलतात, गाणी म्हणतात. एक मारामारी नाही. रिव्ह्यूज पण मस्त आहेत."

"कुठे बसून पाहिलास?"

"कॅबमध्ये. रिंग रोडला असा ट्रॅफिक होता, की अख्खा सिनेमा झाला."

"म्हणजे फोनवर."

श्वेता हसली. "अक्का, फोन म्हणजे काय, हल्ली सगळं तिथेच बघतात."

 अक्काने एकदा दोन बोटांत फोनएवढं माप धरून पाहिलं आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात सिद्धी मध्ये आली. तिच्या हातात मुलांना वाटलेलं कोडबळं, म्हणजे इकडचं कडबोळं, होतं. "आजी, माझ्या आजोबांच्या गावात रेंजच नाही. म्हणून ते फोन करत नाहीत. आधी रोज गोष्ट सांगायचे."

अक्काने श्वेताकडे पाहिलं. सिद्धी पुढे पळाल्यावर श्वेता हळूच म्हणाली, "बाबा दिवाळीनंतर गेले. हिला अजून सांगितलं नाहीये. कसं सांगू तेच कळत नाही."

रघुनंदन प्रोजेक्टर सांभाळायचा. त्याने दिवे घालवले. अक्का खुर्चीकडे न जाता सतरंजीवर, माझ्या दोरीपाशी येऊन बसली. "स्वल्प सरका रे," ती मुलांना म्हणाली.

सिनेमा सुरू झाला. एक खार होती, चुरूचुरू बोलणारी. एक म्हातारं कासव होतं. त्याचा आवाज जाड, सावकाश, प्रत्येक वाक्यामागे थोडा थांबणारा. ते खारीला तळ्याच्या गोष्टी सांगत होतं. मुलं हसत होती. सिद्धीचा चेहरा उजळला. ती शेजारच्या मुलाला म्हणाली, "माझे आजोबा असेच बोलतात."

मग कासव खोकलं.

मुलांनी लक्ष दिलं नाही. अक्काने दिलं. थोड्या वेळाने कासव पुन्हा खोकलं आणि गोष्ट अर्धी सोडून म्हणालं, उरलेली उद्या. अक्काने मागे वळून अंधारात हलक्या आवाजात विचारलं, "श्वेता, हे कासव शेवटपर्यंत आहे ना?"

 माझ्या उजेडात मला श्वेताचा चेहरा दिसला. तो उतरला होता.

"मध्ये ऑफिसचा कॉल आला होता, अक्का. दहा-पंधरा मिनिटं. सिनेमा चालूच होता, पण मी… नंतर बघितलं तर सगळे गाणं म्हणत होते. मला वाटलं, सगळं ठीकच असेल."

"त्या गाण्यात कासव होतं?"

"आठवत नाही."

रघुनंदन मागून कुजबुजला, "बंद करू का? पण अक्का, एवढी मुलं आहेत, सगळी रडायला लागतील."

अक्काचा हात माझ्या दोरीवर गेला. मित्रांनो, इतक्या वर्षांत इतका ताणून मी कधी टांगलेला नव्हतो. दोरी ओढली की मी वर जाणार, गोष्ट तिथेच तुटणार. नाही ओढली तर काय होणार, ते मला ऐकूनच कळायला लागलं होतं. वारा वाहत होता. खार धापा टाकत येत होती. आजोबा, उठा ना, ती म्हणत होती. मी आले. उरलेली गोष्ट सांगा.

कासव बोललं नाही.

खार हाका मारत राहिली. पुढे बसलेली मुलं गप्प झाली. मोठ्यांपैकी कुणीतरी मागे हसत म्हणालं, "अरे, कार्टून आहे ते." पण कासव आता माझ्या अंगावर भिंतीएवढं पडलं होतं, आणि सतरंजीवरून ते तेवढंच दिसत होतं.

सिद्धी उभी राहिली. तिची सावली माझ्यावर पडली.

"ते बोलत का नाही?"

"झोपलंय पिल्लू, बस खाली," श्वेता मागून म्हणाली. 

सिद्धी बसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. मग ती आईकडे वळली.

"आजोबांच्या गावात खरंच रेंज नाहीये ना?"

अक्काने दोरी सोडली. ओढली नाही, सोडून दिली. "रघुनंदन, सिनेमा थांबव आणि पुढचा एक दिवा लाव. बंद नको करू." मग ती श्वेताला म्हणाली, "तू सांगतेस की मी सांगू?"

श्वेता खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली, सतरंजीवर बसली आणि तिने लेकीला मांडीवर घेतलं. ती काय म्हणाली ते मी ऐकलं, पण ते तुम्हाला सांगणार नाही. ते त्या दोघींचं आहे. एवढंच सांगतो, की गाव हा शब्द त्यात नव्हता. सिद्धी रडली. मोठ्याने नाही, आईच्या ओढणीत तोंड खुपसून. बाकीची मुलं शहाण्यासारखी बसून राहिली. एकाने आपलं कोडबळं तिच्यासमोर ठेवलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "पुढे दाखवा. खारीचं काय झालं?"

रघुनंदनने अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, "सरी, बरं. लाव."

खार पुढे जगली. अर्धी राहिलेली गोष्ट तिने आपल्या मनाने पुरी केली आणि बाकीच्या प्राण्यांना सांगितली. मग ते गाणं आलं. कासव त्यात नव्हतं. सिनेमा संपल्यावर सिद्धी उठली, माझ्यापाशी आली आणि कासव होतं तिथे तिने तळवा ठेवला. कोडबळ्याच्या तेलाचा डाग उमटला. 

सगळे गेल्यावर रघुनंदनने विचारलं, "अक्का, के. आर. पुरमच्या मंडळींनाही हाच सिनेमा मुलांना दाखवायचा आहे. काय सांगू? लहान मुलांना चालतो की नाही?"

अक्का सतरंजी गुंडाळू लागली.

"चांगला सिनेमा आहे," ती म्हणाली. "पण बोलणारं जनावर गप्प झालं, की लेकरांना ते जनावर राहत नाही, घरातलं माणूस होतं. एकट्या मुलाला दाखवू नका म्हणावं. बसायला कुणाची मांडी असेल तर चालतो."

आता मंडळात मोठा टीव्ही घ्यायचं चाललं आहे. घेतील, आणि मी पुन्हा माळ्यावर जाईन. मला त्याचं फार दुःख नाही. मध्यंतरी कुणीतरी तो डाग धुवायचं काढलं होतं, तर श्वेताच म्हणाली, राहू दे. सिनेमा लागला की तो, मुलं म्हणतात, कधी आभाळात येतो, कधी एखाद्या हत्तीच्या पाठीवर.

मित्रांनो, जाता जाता माझं एक ऐका. तुम्ही सिनेमाला जाल, तेव्हा घरातल्या एका मोठ्या माणसाला हाताला धरून खुर्चीवरून उठवा आणि आपल्या शेजारी खाली बसवा. त्यांचा काही दोष नसतो. सतरंजीवरून केवढं दिसतं, ते त्यांना आठवत नाही एवढंच.