सहीआधीचा सत्कार

बोलायची मला सवय नाही. ज्यांच्या खांद्यावर मी पडते, तेच बोलत असतात. मी सत्काराची एक शाल. जन्म पानिपतचा, चादरींच्या या सोलापुरात मी बाहेरचीच.

माझं आयुष्य दोन-दोन मिनिटांचं. खांदा, फोटो, टाळ्या, मग पुन्हा प्लॅस्टिकची पिशवी. ज्याचा सत्कार होतो तो मला घरी नेतो आणि पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्याला देतो. असे सात सत्कार झाले, पण ऊब मी कुणालाच दिली नाही. लोकांना एकमेकांचा मान ठेवायचा असतो, हे खरं. फक्त त्या वेळी ते माणसाकडे बघतात की कॅमेऱ्याकडे, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

सातव्या सत्कारानंतर मी सिद्धलिंग सरांच्या कपाटात आले. सर निवृत्त प्राध्यापक. ते आणि दानेश्वरी वकील आश्रयाला आलेल्या परदेशी माणसांसाठी एक लहानशी समिती चालवतात. निवेदनं लिहायची, कचेरीत हेलपाटे घालायचे, घरमालकांची समजूत काढायची.

या हिवाळ्यात त्यांची सगळी धडपड इद्रीससाठी होती. तो अफगाणिस्तानातून शिकायला आला आणि मागे तिथलं सरकार बदललं. पूर्वी तो परक्या फौजेचा दुभाषी होता; परत गेला तर जिवाला धोका. इथे राहायची मुदत वाढवून मागायची तर पत्ता हवा, आणि पत्त्यासाठी घरमालकाची सही. अकरा घरांनी नाही म्हटलं. बाराव्या घरी काशम्मा एकट्याच राहत होत्या. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की वरच्या खोलीत. पोरगं गरीब दिसतंय." शनिवारी इद्रीस राहायला आला. सहीचा कागद सोमवारी तयार होणार होता.

सरांना आनंद आवरला नाही. त्यांनी काशम्मांच्या सत्कारासाठी रविवारीच सभागृह घेतलं, पेपरवाल्यांना बोलावलं.

दानेश्वरी म्हणाल्या, "सर, आधी सही होऊ द्या की."

"अहो, साधी शाल तर घालायची!"

ती साधी शाल मी.

काशम्मा माझ्याखाली अवघडून उभ्या होत्या. "सर, लई टोचतीया. काढू का?" त्या हळूच म्हणाल्या, पण माईक चालू होता. सगळे हसले. फोटो निघाला.

घरी गेल्यावर मात्र त्यांनी मला पिशवीतून बाहेर काढलं. "इद्रीस, ए, खाली ये. थंडी पडलीया, ही पांघर."

"अम्मा, ये तो आपकी इज्जत है."

"इज्जतीला काय करू? सर्दी तुला झालीया."

त्या संध्याकाळी त्याने मला अंगभर गुंडाळून घेतलं. त्याच्या पाठीचा थरकाप हळूहळू थांबला. मला वाटलं, यासाठीच विणलं असावं आपल्याला.

सोमवारी पेपरात फोटो आला, नावासकट, गल्लीसकट. दहाच्या सुमारास अक्कलकोटहून काशम्मांचा मुलगा बसू धावत आला. "अव्वा, सगळ्या गावाला पत्ता दिलास की! उद्या दारात कोण येऊन उभं ऱ्हाईल, तू एकटी काय करणार?"

दुपारी सर कागद घेऊन आले, तेव्हा काशम्मा रडत होत्या. "करणार होते वो सही. कुणाला कळलं नसतं तर केलीच असती. आता भ्या वाटतंय."

इद्रीसने बॅग भरली. माझी नीट घडी करून त्याने मला सरांच्या हातात ठेवलं. "रख लीजिए, सर. किसी और के काम आएगी." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी पुन्हा कपाटात आहे. सरांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळतं, इद्रीस वैराग गावात कुणाच्या तरी गोदामात झोपतो आणि त्याची मुदत महिनाअखेर संपते. सर कधीकधी कपाट उघडतात, माझ्याकडे बघतात, बंद करतात. चूक त्यांची की माझीही, हे मला ठरवता येत नाही.

आज सकाळी दानेश्वरींचा फोन आला. जुळे सोलापूर भागात एक घरमालक सही करायला तयार आहेत. सरांनी घाईने कपाट उघडलं आणि सवयीने त्यांचा हात माझ्यावर आला.

मला इद्रीसकडे जायचं आहे. कुणाकडे तरी जावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय. तरीही विनवते, सर, मला नेऊ नका. पेन न्या, आणि कुणालाही सांगू नका.